‘झालं’ म्हणजे नेमके काय? ‘डेफिनिशन ऑफ डन’ची एक समीक्षा



सॉफ्टवेअर अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात अजाइल पद्धती शिकताना ‘डेफिनिशन ऑफ डन’ ही संज्ञा एखाद्या परिच्छेदात येते आणि निघून जाते. परीक्षेत तिच्यावर छोटा प्रश्न येतो आणि उत्तरात एक यादी लिहिली जाते : कोड लिहिला, दुसऱ्याने तपासला, चाचणी झाली, कागदपत्रे तयार झाली. नोकरीत मात्र हाच प्रश्न तुम्हाला रोज विचारला जाईल : ‘‘झालं का?’’ तुमच्या उत्तरावर दुसऱ्या कोणाचे तरी नियोजन आणि पैसे अवलंबून असतील, कधी सुरक्षितताही असेल. म्हणून या टिपणात आपण ही व्याख्या पाठ करण्याऐवजी तपासून पाहू. ती काय चांगले करते, कुठे कमी पडते आणि ती उणीव कशी भरून काढता येईल, असा क्रम ठेवू.

मुख्य उदाहरण कोलकात्याच्या न्यू टाउनचे घेतले आहे. साल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हजवळच्या या नव्या शहरात सॉफ्टवेअर कंपन्यांची मोठी कार्यालये आहेत आणि तुमच्यापैकी काही जण उद्या तिथे कामाला जातील. ‘पूर्ण’ आणि ‘जवळजवळ पूर्ण’ यांतला फरक तिथल्या रस्त्यावरून चालतानाही दिसतो. तो कसा, हे पुढे येईल.

१. रोजच्या भाषेतले ‘झालं’

आधी आपली भाषा पाहा. मराठीत ‘झालं’, ‘होत आलंय’ आणि ‘झालंच समजा’ ही तीन वेगळी उत्तरे आहेत. पहिले वस्तुस्थिती सांगते, दुसरे अंदाज सांगते आणि तिसरे समोरच्याला गप्प करते. बंगालीतही ‘होये गेछे’ म्हणजे झाले आणि ‘होये एशेछे’ म्हणजे होत आले, असा भेद आहे. न्यू टाउनमधल्या एखाद्या टीममध्ये मराठी, बंगाली, तेलुगू आणि हिंदी बोलणारे एकत्र बसतात आणि बैठकीत सगळे इंग्रजीतला ‘डन’ हा एकच शब्द वापरतात. या छटा त्या एका शब्दात बुजून जातात. सांगणाऱ्याच्या मनात ‘होत आलंय’ असते आणि ऐकणारा ‘झालं’ असे ऐकतो.

सॉफ्टवेअरमध्ये हा घोटाळा जास्त महागात पडतो, कारण अपूर्ण काम डोळ्यांना दिसत नाही. अर्धी बांधलेली भिंत अर्धी दिसते. अर्धे लिहिलेले सॉफ्टवेअर पडद्यावर पूर्ण झाल्यासारखे दिसू शकते. बेल लॅब्जमधील टॉम कारगिल यांच्या नावावर असलेला एक मिश्किल नियम जॉन बेंटली यांनी १९८५ मध्ये आपल्या सदरात छापला. त्याचा आशय असा, की कामाचा शेवटचा लहानसा भाग आधीच्या मोठ्या भागाइतकाच वेळ खातो. म्हणून ‘नव्वद टक्के झालं’ या वाक्यातून उरलेल्या वेळेबद्दल जवळजवळ काहीच कळत नाही.

२. संकल्पना काय सांगते?

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात सतरा जणांनी मिळून अजाइल जाहीरनामा लिहिला. त्यामागच्या बारा तत्त्वांपैकी एक तत्त्व प्रगतीचे मुख्य माप म्हणून चालणारे सॉफ्टवेअर धरते. अहवाल आणि आराखडे त्यात दुय्यम ठरतात. केन श्वेबर आणि जेफ सदरलँड यांच्या ‘स्क्रम गाइड’ने या तत्त्वाला रोजच्या कामाचे रूप दिले. या पुस्तिकेची पहिली आवृत्ती २०१० ची असून सध्या नोव्हेंबर २०२० ची आवृत्ती वापरात आहे.

स्क्रममध्ये काम एक महिना किंवा त्याहून कमी मुदतीच्या टप्प्यांत होते. या टप्प्याला स्प्रिंट म्हणतात. करायच्या कामांची क्रमवार यादी म्हणजे बॅकलॉग, आणि स्प्रिंटमधून तयार होणारी वापरण्याजोगी भर म्हणजे इन्क्रिमेंट. ही भर कोणत्या गुणवत्तेला उतरली म्हणजे पूर्ण मानायची, याचे लिखित वर्णन म्हणजे ‘डेफिनिशन ऑफ डन’. २०२० च्या आवृत्तीने तिला इन्क्रिमेंटशी बांधलेली वचनबद्धता मानले. व्याख्येत न बसणारे काम ग्राहकाला देता येत नाही आणि स्प्रिंटच्या अखेरीस होणाऱ्या आढावा बैठकीतही दाखवता येत नाही. ते परत बॅकलॉगमध्ये जाते. संस्थेचा काही किमान दंडक असेल तर प्रत्येक टीमने तो पाळायचा. तसा दंडक नसेल तर टीमने आपल्या उत्पादनाला साजेशी व्याख्या स्वतः करायची.

इथे एक गल्लत टाळा. ‘अ‍ॅक्सेप्टन्स क्रायटेरिया’ म्हणजे एखाद्या विशिष्ट कामाच्या अटी. उदाहरणार्थ, चुकीचा पासवर्ड तीनदा दिला की खाते बंद व्हावे. ‘डेफिनिशन ऑफ डन’ सर्व कामांना समान लागू असते. उदाहरणार्थ, प्रत्येक बदलाची चाचणी मुख्य शाखेत आपोआप चालून उत्तीर्ण झाली पाहिजे. काम पूर्ण व्हायला दोन्ही लागतात.

३. तिचे खरे बळ

या संकल्पनेचे मोठे यश म्हणजे ती टक्केवारी नाकारते. काम झाले आहे किंवा झालेले नाही, मधले गुण नाहीत. विद्यार्थ्यांना हे कठोर वाटते. पायऱ्या बरोबर असतील तर गुण मिळण्याची आपल्याला सवय असते. वापरणाऱ्याच्या बाजूने पाहिले की या कठोरपणाचे कारण कळते, आणि त्यासाठी न्यू टाउनकडे वळू.

कोलकाता मेट्रोची ऑरेंज लाइन दक्षिणेकडील कवी सुभाष स्थानकापासून न्यू टाउनमार्गे विमानतळापर्यंत आखलेली आहे. लांबी सुमारे ३० किलोमीटर. कवी सुभाष ते हेमंत मुखोपाध्याय हा पहिला भाग मार्च २०२४ मध्ये सुरू झाला, बेलेघाटापर्यंतचा पुढचा भाग ऑगस्ट २०२५ मध्ये. त्या वेळी न्यू टाउनच्या मुख्य रस्त्यावर मेट्रोचे खांब आणि वरचा मार्ग कित्येक वर्षांपासून उभा होता, गाडी मात्र नव्हती. मधल्या चिंग्रिघाटा चौकाजवळचा सुमारे ३६६ मीटरचा तुकडा, खालची वाहतूक थांबवण्याच्या परवानगीवरून रखडलेला होता. अभियंत्यांच्या हिशेबात न्यू टाउनमधले बरेच काम झालेले होते. तिथून कामावर जाणाऱ्याच्या हिशेबात मेट्रो शून्य होती, कारण प्रवाशाला नव्वद टक्के प्रवास करता येत नाही.

आता याच शहरातली ग्रीन लाइन पाहा. सेक्टर फाइव्ह ते साल्ट लेक स्टेडियम हा तिचा पहिला तुकडा फेब्रुवारी २०२० मध्ये सुरू झाला. मग फुलबागान ऑक्टोबर २०२० मध्ये, सियालदह जुलै २०२२ मध्ये, नदीखालून जाणारा हावडा मैदान ते एस्प्लनेड भाग मार्च २०२४ मध्ये आणि मधला सियालदह ते एस्प्लनेड दुवा ऑगस्ट २०२५ मध्ये. मधला दुवा सर्वांत शेवटी आला. बोगदा खणताना ३१ ऑगस्ट २०१९ रोजी बऊबाजार भागात जमीन खचली होती आणि घरांचे नुकसान होऊन रहिवाशांना हलवावे लागले होते. तरीही जो तुकडा सुरू झाला, तो त्याच्यापुरता पूर्ण होता : रूळ, सिग्नल, स्थानक, तिकीट, सुरक्षेची मंजुरी, सगळे. सुरुवातीचा तुकडा लहान होता, पण लोक त्यावरून प्रवास करत होते. इन्क्रिमेंट या शब्दाचा अर्थ तुम्हाला इथे नीट समजेल. सगळीकडे थोडे थोडे काम करून ठेवण्यापेक्षा लहान भाग टोकापर्यंत नेणे, ही स्क्रमची शिकवण आहे.

अर्थात, मेट्रो म्हणजे सॉफ्टवेअर नव्हे. खांब एकदमच उभारणे बांधकामात किफायतशीर ठरू शकते आणि चौकातली वाहतूक कोणत्याही व्याख्येने हटत नाही. उदाहरणाचा उपयोग एवढाच, की पूर्णत्व मोजण्याची जागा कामगाराच्या टेबलावर नसून वापरणाऱ्याच्या हातात आहे, हे त्यातून दिसते.

४. पहिला आक्षेप : ठरवणारा कोण?

आता उणिवांकडे येऊ. स्क्रम गाइडनुसार संस्थेचा दंडक नसेल तेव्हा व्याख्या टीम करते, काम टीम करते आणि काम व्याख्येत बसले हेही टीमच म्हणते. विद्यार्थ्यानेच प्रश्नपत्रिका काढावी, सोडवावी आणि तपासावी, तसे हे आहे. टीम प्रामाणिक असली तरी दबाव असतोच. आपल्याकडच्या सेवा कंपन्यांत तारीख आणि रक्कम अनेकदा आधीच ठरलेली असते. प्रत्येक स्प्रिंटमध्ये किती काम ‘डन’ झाले, ते आकड्यात मोजतात. त्याला व्हेलॉसिटी म्हणतात. हा आकडा टीमला पुढचे नियोजन करता यावे म्हणून आहे. त्यावरून टीमची तुलना होऊ लागली की आकडा वाढवण्याचा सोपा मार्ग म्हणजे व्याख्या सैल करणे. अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना हा धोका मांडला होता : जे माप नियंत्रणासाठी वापरले जाते, ते माप म्हणून बिघडते.

मेट्रोत ही जागा वेगळी ठेवली आहे. नवा मार्ग प्रवाशांना खुला करण्याआधी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मंजुरी लागते आणि हे आयुक्त प्रशासकीयदृष्ट्या रेल्वे मंत्रालयाऐवजी नागरी उड्डाण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. बांधणारा आणि ‘झालं’ म्हणणारा यांत मुद्दाम अंतर ठेवलेले आहे. तुमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, त्यामागेही हाच विचार आहे.

मग सॉफ्टवेअरमध्येही वेगळा तपासणी विभाग नेमावा का? घाई करू नका. अजाइलचा जन्मच अंशतः त्या रचनेविरुद्ध झाला. विकासकांनी महिनोन्महिने कोड लिहायचा, भिंतीपलीकडे फेकायचा आणि तपासणाऱ्यांनी शेवटी शेकडो चुका परत पाठवायच्या, यात वेळ जात असे आणि जबाबदारी कोणाचीच उरत नसे. तपासणारा टीमच्या आत आणण्यामागे चांगले कारण होते.

यातून निघणारा मार्ग असा : न्यायाधीश बाहेरून आणायला नको, पुरावा मात्र बाहेरच्यालाही तपासता येईल असा हवा. ‘कोड नीट तपासला’ हे मत झाले. ‘काम न केलेल्या एका सहकाऱ्याने बदल वाचून नोंद केली, आणि ती नोंद कोणीही उघडून पाहू शकतो’ हा पुरावा झाला. ‘डन’ हा एक दावा आहे, आणि दावा करणारा खोलीबाहेर गेला तरी तो सिद्ध करता आला पाहिजे. व्याख्येतली प्रत्येक ओळ या कसोटीवर घासून पाहा.

५. दुसरा आक्षेप : यादीबाहेर काय उरते?

तुम्ही पुण्यात किंवा मुंबईत कोणाला घर घेताना पाहिले असेल, तर ‘भोगवटा प्रमाणपत्र’ हा शब्द ऐकला असेल. भिंती, रंग, लिफ्ट सगळे तयार असते, बिल्डर चावी द्यायला तयार असतो, पण इमारत राहण्यास योग्य असल्याचा नियोजन प्राधिकरणाचा दाखला नसतो. बिल्डरच्या यादीत काम पूर्ण असते. राहणाऱ्याच्या अडचणी यादीबाहेर उरलेल्या असतात.

टीमच्या व्याख्येबाहेरही असेच काम उरते. क्रेग लार्मन आणि बास वोड यांच्या ‘लेस’ या पद्धतीत त्याला नाव आहे : ‘अनडन वर्क’. टीमची व्याख्या आणि प्रत्यक्ष ग्राहकाच्या हाती देण्याजोगी अवस्था, यांतली ती दरी. मोठ्या गर्दीची चाचणी, सुरक्षेची तपासणी, जुन्या माहितीचे स्थलांतर, कमी ताकदीच्या फोनवरचा वापर, अंध व्यक्तीला पडदा वाचता येणे, ही कामे बहुधा याच दरीत पडतात. प्रत्येक स्प्रिंटमध्ये थोडी थोडी साठतात आणि तारखेच्या तोंडावर एकदम समोर येतात. स्क्रम गाइड ही दरी मोजायला सांगत नाही. सुमारे तेरा पानांची ही पुस्तिका मुद्दामच अपुरी ठेवल्याचे तिचे लेखकच सांगतात. म्हणून हे काम वाचणाऱ्याला करावे लागते.

आपल्या देशातले एक जाहीर उदाहरण पाहा. प्राप्तिकर विभागाचे नवे ई-फायलिंग पोर्टल ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. ते इन्फोसिसने तयार केले होते. सुरू होताच करदाते आणि सनदी लेखापाल यांच्या तक्रारी आल्या. २१ आणि २२ ऑगस्टला पोर्टल उपलब्धच नव्हते. २३ ऑगस्टला अर्थमंत्र्यांनी कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी सलील पारेख यांना बोलावून १५ सप्टेंबरपर्यंत दोष दूर करण्यास सांगितले. विवरणपत्राच्या तारखाही पुढे ढकलाव्या लागल्या. त्या कामाच्या अंतर्गत प्रक्रियेवर निकाल देणे हा आपला हेतू नाही. आपल्याला एवढेच पाहायचे आहे, की ‘सुरू झाले’ आणि ‘पूर्ण झाले’ या दोन तारखा वेगळ्या असू शकतात आणि मधल्या काळाची किंमत तक्रार करणाऱ्या सामान्य माणसाला मोजावी लागते. एखाद्या छोट्या गावातल्या करसल्लागाराला स्प्रिंट म्हणजे काय ते माहीत असण्याची गरज नाही. त्याला फॉर्म भरता आला पाहिजे.

६. तिसरा आक्षेप : किती काळ पूर्ण?

व्याख्या एका क्षणाबद्दल बोलते. सॉफ्टवेअर मात्र त्या क्षणानंतर वर्षानुवर्षे चालते. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉग फोर जे’ या जावा प्रोग्रॅममध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीत गंभीर सुरक्षा दोष उघड झाला. ती लायब्ररी वापरणारी जगभरची कित्येक सॉफ्टवेअर आदल्या दिवशीपर्यंत आपापल्या व्याख्येनुसार ‘डन’ होती. त्यांच्या कोडचे एक अक्षरही बदलले नव्हते, तरी ती असुरक्षित ठरली. आपण नेमक्या कोणत्या लायब्ररी वापरल्या आहेत, याची यादी ज्यांच्याकडे तयार होती, त्यांना निदान शोध घ्यावा लागला नाही.

इमारतींच्या कायद्याने हा प्रश्न ओळखला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात रचनात्मक दोष निघाला, तर विकासकाने तो वेगळे पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. म्हणजे चावी दिल्यावरही जबाबदारी संपत नाही. सॉफ्टवेअरच्या व्याख्येत अशी ओळ क्वचित दिसते. ती घालणे अवघड नाही : काय बिघडले ते कळावे म्हणून नोंदी ठेवल्या आहेत, बदल मागे घेण्याची रीत तपासली आहे, वापरलेल्या लायब्ररींची यादी आहे आणि बिघाड झाल्यास कोणाला उठवायचे ते लिहिले आहे. काम नवख्या माणसाच्या हाती सोपवता येत नसेल, तर ते पूर्ण झाले असे म्हणणे धाडसाचे आहे.

७. मूल्यमापन

तर मग ही संकल्पना टाकून द्यावी का? मुळीच नाही. एका नोकरशहाला, एका ग्राहकाला आणि एका नव्या विकासकाला एकच कागद समोर ठेवून ‘झालं’चा अर्थ सांगता येणे, ही मोठी सोय आहे. तिचे दोष प्रामुख्याने तिच्या वापरात आहेत. टीमने ती पहिल्या दिवशी भिंतीवर लावायची आणि नंतर कोणी वाचायची नाही, असे झाले की ती शिक्का बनते. स्क्रमच्या स्प्रिंट रेट्रोस्पेक्टिव्ह या बैठकीत गरज पडल्यास व्याख्या सुधारता येते, ही सोय फार थोडे लोक वापरतात.

आणखी एक गोष्ट कोणत्याही व्याख्येत लिहिता येत नाही, पण तिच्याशिवाय व्याख्या चालत नाही. ‘झालं नाही’ असे म्हणणाऱ्याला शिक्षा होता कामा नये. टीममधली सर्वांत नवी मुलगी बैठकीत ‘‘सर, हे अजून झालेलं नाही’’ असे म्हणू शकत असेल आणि त्यानंतर तिला कोणी टोमणा मारत नसेल, तर त्या टीमची चार ओळींची व्याख्याही पुरेशी आहे. तसे नसेल तर चाळीस ओळींची व्याख्याही कामाला येणार नाही. उद्या तुम्ही टीम चालवाल तेव्हा हे लक्षात ठेवा.

८. स्वतः करून पाहा

तुमच्या सध्याच्या प्रोजेक्टसाठी पाच ते सात ओळींची व्याख्या गटात बसून लिहा. मग प्रत्येक ओळीला पुढचे चार प्रश्न विचारा.

१. गटाबाहेरच्या माणसाला ही ओळ खरी आहे की नाही, हे आपल्याला न विचारता तपासता येईल का?

२. प्रोजेक्ट फक्त एकाच मित्राच्या लॅपटॉपवर चालतो, की प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या संगणकावर सूचना वाचून कोणालाही चालवता येतो?

३. या यादीबाहेर कोणते काम उरले आहे? ते लपवू नका, वेगळ्या कागदावर लिहून काढा.

४. सहा महिन्यांनी पुढच्या वर्गातल्या मुलांनी हा प्रोजेक्ट हाती घेतला, तर त्यांना काय अडेल?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर स्वतः देऊ नका. पुढच्या वर्गातल्या एका विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या हाती प्रोजेक्ट द्या आणि तो कुठे थांबतो ते शांतपणे पाहा. तो जिथे थांबेल, तिथून तुमचे उरलेले काम सुरू होते.